काचपेटी, घट आणि डबा : वरळीच्या विशेष संदर्भाने घरगुती वनस्पतीसंवर्धनाचा इतिहास

मुंबईच्या बागांचा इतिहास आजवर मुख्यतः सार्वजनिक उद्याने आणि धनिकांच्या बंगल्यांची आवारे यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. परंतु या शहरातील बहुसंख्य लोकांनी ज्या एका खोलीत आयुष्य काढले, त्या खोलीच्या खिडकीत, दारात आणि देवघरातही वनस्पती वाढत होत्या. त्यांची नोंद कोणत्याही उद्यानखात्याने ठेवली नाही. तथापि घर, हवा, पाणी आणि आरोग्य यांविषयी वेळोवेळी जे निर्णय घेतले गेले, त्यांचा ठसा या लहान वनस्पतींवर स्पष्टपणे उमटलेला आहे. प्रस्तुत निबंधात या गोष्टीचा विचार वरळी या गिरणी-विभागाच्या संदर्भात करावयाचा आहे.

विवेचनाचा आरंभ एका प्रश्नापासून करणे सोयीचे होईल. उष्ण प्रदेशांतील नाजूक वनस्पती बंद काचपेटीत वाढविण्याची पद्धत, जिला आज टेरेरियम म्हणतात, ती लंडनच्या धुरातून जन्मास आली. ती मजुरांच्या घरी पोचावी अशी तिच्या जनकाची इच्छा होती. मुंबई हेही पुढे धुराचे आणि मजुरांचे शहर झाले. असे असता मुंबईच्या मजुराच्या घरात काचपेटी का आली नाही, आणि तिच्या जागी काय आले?

१. काचपेटीची उत्पत्ती

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे पूर्व लंडनमध्ये, गोदीनजीकच्या दाट वस्तीत वैद्यकीचा व्यवसाय करीत. त्यांना नेच्यांची आवड होती. परंतु कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या हवेत त्यांनी लावलेले नेचे जगत नसत. १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश उबविण्यासाठी त्यांनी तो रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर मातीवर ठेवला व वर झाकण लावले. दिवसा मातीतील ओलावा वाफ होऊन वर जातो, काचेवर जमतो आणि पुन्हा मातीत उतरतो, हे त्यांनी पाहिले. काही दिवसांनी त्याच मातीतून एक नेचा व एक गवत उगवले. ही दोन रोपे त्या बाटलीत बाहेरून पाणी न घालता सुमारे चार वर्षे जगली. पुढे वॉर्ड घरी नसताना झाकण गंजले, पावसाचे पाणी बेसुमार आत शिरले, आणि ती गेली.

या प्रयोगातील तत्त्व साधे आहे. बंद पात्रात पाणी बाहेर जात नाही. ते फिरत राहते. उजेडात वनस्पती कर्बवायू घेऊन प्राणवायू सोडते. वनस्पतीच्या श्वसनाने आणि मातीतील सूक्ष्म जीवांमुळे कर्बवायू पुन्हा निर्माण होतो. बाहेरून मिळावी लागते ती एकच वस्तू, ती म्हणजे उजेड. मात्र हा उजेड सौम्य असावा लागतो. थेट ऊन पडल्यास काचेच्या आतील हवा इतकी तापते की, जी पेटी वनस्पतीचे रक्षण करते तीच तिची भट्टी होते. उष्ण देशांतील काचपेटीचा इतिहास समजून घेताना ही मर्यादा विसरून चालणार नाही.

१८३३ मध्ये वॉर्ड यांनी नेचे व गवते भरलेल्या दोन पेट्या जहाजाने सिडनीस पाठविल्या. रोपे सुखरूप पोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातील वनस्पतीही तशाच सुखरूप लंडनला आल्या. या यशाचे मोल कळण्यासाठी पूर्वीची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. कँटन येथील जॉन लिव्हिंग्स्टन यांनी १८१९ मध्ये असा अंदाज केला होता की, चीनमधून इंग्लंडला पाठविलेल्या हजार रोपांपैकी एखादेच जिवंत पोचते. वॉर्ड यांनी १८४२ मध्ये आपल्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वनस्पतींच्या वाहतुकीबरोबरच गरिबांची स्थिती सुधारण्याच्या कामी या पेटीचा काय उपयोग होईल, याचाही त्यांनी स्वतंत्र विचार केला आहे. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये उठला आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत शोभेच्या काचपेट्या दिसू लागल्या. मजुरांच्या घरी मात्र त्या क्वचितच पोचल्या. पेटीचा खरा विस्तार झाला तो समुद्रावर.

२. मुंबई बंदर आणि काचपेटी

वॉर्ड यांच्या शोधाच्या सुमारास मुंबईत बागाईतविद्येस संस्थात्मक रूप येत होते. पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यानसंस्था १८३० मध्ये स्थापन झाली आणि तिची बाग शिवडी येथे होती. टपालखात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व तिच्या परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती १८३९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केली. रानटी वनस्पतींबरोबर बागांत लावलेल्या परदेशी वनस्पतींचाही समावेश या सूचीत असल्यामुळे, काचपेटीच्या युगापूर्वी मुंबईत काय रुजले होते हे जाणण्याचे ते महत्त्वाचे साधन होय. पुढे शिवडीची जागा १८६५ मध्ये ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. तत्पूर्वीच संस्थेने भायखळ्याजवळ नवी बाग उभारली होती. ती १८६२ मध्ये लोकांस खुली झाली. हीच राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८७३ पासून तिची व्यवस्था नगरपालिकेकडे आली.

काचपेटीने आशियाचा आर्थिक नकाशा बदलला. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपे व उगवती बीजे अशा पेट्यांतून हिंदुस्थानात आणून हिमालयाच्या पायथ्याशी पोचविली. मुंबईचा संबंध आला तो सिंकोना या हिवतापावरील औषधी वृक्षाशी. क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी १८६० मध्ये पेरूमधून सिंकोनाची रोपे काचपेट्यांत घालून इंग्लंडमार्गे हिंदुस्थानात आणली. ती मुंबई बंदरातून पुढे निलगिरीस जावयाची होती. तांबड्या समुद्रातील उन्हाळा या पेट्यांना सोसला नाही आणि निलगिरीस पोचल्यावर ही रोपे जवळजवळ सर्व मेली. दक्षिणेत सिंकोना रुजला तो इतर मार्गांनी आलेल्या बियांपासून व रोपांपासून. महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथेही १८६० नंतरच्या दशकात सिंकोनाचा मळा करून पाहण्यात आला; परंतु तो टिकला नाही.

या घटनेत एक बोध आहे. थंड समुद्रावर आणि धुरकट शहरात काचपेटी तारक ठरली. तीच उष्ण कटिबंधातील कडक उन्हात मारक ठरली. वर्षातील मोठा काळ दमट असलेल्या मुंबईत नेच्यास काचेची गरज नव्हती. त्याला सावली हवी होती. म्हणून येथील श्रीमंतांच्या बागांत काचगृहाऐवजी वेली चढविलेले, झावळ्यांनी किंवा पट्ट्यांनी आच्छादलेले मांडव आणि हरितगृहे उभी राहिली. वरुणराजाचे चार महिने सह्याद्रीच्या उतारांवर कातळाच्या फटीफटींतून नेचे आपोआप उगवतात. फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी'आल्मेडा यांनी १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातील नेच्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लंडनच्या वैद्याला जे बाटलीत जपावे लागले, ते येथे खंडाळ्याच्या घाटात सहज भेटत होते.

३. वाडी, विहीर आणि वृंदावन

मुंबईचा जुना वनस्पतीसंसार वाडीचा होता. फणसवाडी, केळेवाडी, चिंचपोकळी, उंबरखाडी ही नावे त्याची साक्ष देतात. गिरगाव आणि माहीमच्या नारळीच्या वाड्या विहिरींवर जगत. घरापुढे अंगण, अंगणात वृंदावन, मागे परसू आणि परसात विहीर, अशी कोकणी घराची जी मांडणी, तीच थोड्याफार फरकाने मुंबईच्या जुन्या वस्त्यांत होती. तुळशीचे स्थान घराच्या रचनेनेच ठरवून दिलेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रचना मोडली. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले. गिरण्या वाढल्या, वाड्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या आणि १८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हवा व उजेड हे आपल्या कामाचे सूत्र मानले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुरस्कारिलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. खोलीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. म्हणजेच दोन इमारतींमधील अंतर उंचीच्या निम्म्याइतके तरी असावे, असा त्याचा अर्थ. हा नियम माणसांच्या आरोग्यासाठी केला होता. परंतु तळमजल्याच्या खिडकीतील कुंडीला आकाश दिसेल की नाही, हेही तोच ठरवीत होता.

विहिरींवर आघात झाला तो हिवतापामुळे. डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून १९११ मध्ये अहवाल सादर केला. रोग पसरविणारा डास मुख्यत्वे शहरातील विहिरींत वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर अनेक विहिरी बुजविण्यात आल्या. पारशी, हिंदू आणि जैन समाजांतून धार्मिक कारणांसाठी विरोध झाला तेथे काहींवर डास शिरू नयेत अशी झाकणे बसविण्यात आली. रोगनिवारणाच्या दृष्टीने हे योग्य होते, यात शंका नाही. परंतु विहीर गेली तशी परसातील झाडांची पाण्याची सोयही गेली. यापुढे मुंबईतील झाड नळाच्या वेळेवर जगणार होते.

४. वरळीची खोली

वरळी हे मूळच्या सात बेटांपैकी एक. महालक्ष्मी ते वरळी ही खिंड अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बंद करण्यात आली आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारा मधला सखल प्रदेश हळूहळू कोरडा झाला. पश्चिमेस कोळीवाडा आणि किल्ला, पूर्वेस परळ-लालबागच्या गिरण्या, असे हे स्थान आहे. १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाल्यापासून पुढील अर्धशतकात गिरणगावावर धुराचे छत आले. १९१२ मध्ये धूर-उपद्रवाचा कायदा करावा लागला. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाचा धूर हळूहळू कमी झाला. लंडनमध्ये वॉर्ड यांनी वनस्पतीला धुरापासून वाचविण्यासाठी पेटीत बंद केले. मुंबईत समुद्रवारा, पाऊस आणि शेवटी सह्याद्रीवरून आलेली वीज यांनी हे कार्य काही अंशी केले.

मात्र हवा सुधारली म्हणून जागा मिळाली नाही. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईची दोन-तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असल्याचे आढळले. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची स्थापना झाली. कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवून मजुरांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ इमारती झाल्या : वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीस १२. प्रत्येक इमारत तळमजला व वर तीन मजले अशी, ८० खोल्यांची. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. वरळीच्या पुष्कळ खोल्या दूरपणामुळे आणि भाड्यामुळे प्रारंभी बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या.

या चाळींच्या रचनेत एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. गिरगाव-लालबागच्या पुष्कळ चाळींत खोल्यांपुढे उघडी गॅलरी असे. गॅलरीच्या कठड्यावर कुंडी ठेवता येई, दोरीवर वेल चढविता येई, तुळशीस सकाळचे ऊन मिळे. झाड एकाचे, पण त्याचे फूल सर्वांच्या डोळ्यांपुढे असे. कुलूप लावून गावी गेलेल्या बिऱ्हाडाच्या कुंडीस शेजारीण पाणी घालीत असे. याउलट वरळीच्या चाळींत मध्ये बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंस खोल्या होत्या. दार अंधाऱ्या बोळात उघडे. आकाशाशी संबंध होता तो समोरच्या भिंतीतील खिडकीचाच. म्हणून येथील झाड दारात न राहता खिडकीत गेले. पुढे रहिवाशांनी खिडकीबाहेर लोखंडी जाळीचे पिंजरे काढून घेतले. कपडे वाळविणे, भांडी ठेवणे आणि झाडे लावणे या तिन्ही गोष्टी हात-दीड हात रुंदीच्या त्या जागेत होऊ लागल्या. नकाशात जी जागा नव्हतीच, ती लोकांनी भिंतीबाहेर निर्माण केली. वरळीच्या घरगुती बागेचा आरंभ येथे आहे.

५. घट

खोलीच्या आतील वनस्पतीसंवर्धनाची एक परंपरा मजुरांनी गावाहूनच आणली होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या कुटुंबांत आश्विनात घटस्थापना होई. परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरावयाचे, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावयाचा आणि नऊ दिवस देवापुढे दिवा तेवत ठेवावयाचा, हा तिचा विधी. त्याचे धार्मिक महत्त्व सर्वश्रुत आहे. येथे त्याकडे वनस्पतीसंवर्धनाची एक पद्धत म्हणून पाहावयाचे आहे.

कच्चा-पक्का भाजलेला घट पाझरतो. त्यातील पाणी भिंतीवाटे सावकाश बाहेर येऊन भोवतालची माती ओलसर ठेवते. माती सुकेल तसे ते ओढले जाते. देवघरातील अपुऱ्या उजेडामुळे अंकुर लांब, कोवळे आणि पिवळसर वाढतात. दसऱ्यास ते देवास वाहतात, पुरुष टोपीत आणि स्त्रिया वेणीत खोवतात. वॉर्ड यांच्या पेटीत काच पाणी अडविते. घटात माती पाणी सोडते. दोहोंचे कार्य एकच, ते म्हणजे रोजच्या पाण्यावाचून मुळाशी ओल टिकविणे. फरक असा की पेटीतील वनस्पती वर्षानुवर्षे राहावी अशी अपेक्षा असते, तर घटातील धान्य नऊ दिवसांपुरतेच असते. १६० चौरस फुटांच्या खोलीत, जेथे रात्री सात-आठ माणसे निजत, तेथे नऊ दिवसांची वनस्पतीच आत सामावू शकत होती. कायमच्या वनस्पतीस खिडकीबाहेरच जागा होती.

६. डबा

कायमच्या वनस्पतीस पात्र मिळाले ते टाकाऊ वस्तूंतून. कुंभाराची कुंडी होती. धारावीच्या कुंभारवाड्यातील सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा माल शहरभर जात असे. परंतु ती जड, फुटणारी आणि विकत घ्यावी लागणारी. त्यापेक्षा रॉकेलचा चौकोनी डबा हाताशी असे. १९३७ पासून त्यात डालडाच्या डब्याची भर पडली. हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना शिवडीस होता, आणि पिवळ्या रंगावर माडाचे चित्र असलेला हा डबा मराठी घरांत धान्यापासून तुळशीपर्यंत सर्व कामांस आला. तळाशी खिळ्याने भोके पाडली, खापऱ्यांचे तुकडे घातले आणि वर माती भरली की कुंडी तयार. पत्रा हलका असल्यामुळे खिडकीच्या जाळीस त्याचा भार होत नसे. तीन-चार पावसाळ्यांत तो गंजून जाई, तेव्हा रोप दुसऱ्या डब्यात हलविले जाई.

या डब्यांतील वनस्पतींचे मूळ शोधू गेल्यास आश्चर्य वाटते. तुळस, मोगरा, अबोली या आपल्या किंवा दीर्घकाळ आपल्याशा झालेल्या. परंतु सदाफुली आणि पानफुटी या दोन्ही मूळच्या मादागास्करच्या. गुलबक्षी आणि झेंडू अमेरिकेतून आलेली. दक्षिण अमेरिकेतील चिनी गुलाब सकाळी ऊन चढल्यावर उमलतो म्हणून मुंबईकरांनी त्याचे नाव 'ऑफिस टाइम' असे ठेवले. घड्याळावर चालणाऱ्या शहराने एका परदेशी फुलाचे केलेले हे नामकरण भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे. कोरफड, पानओवा, गवती चहा यांना औषध म्हणून स्थान होते. एखाद्या डब्यात कढीपत्ता असे.

ही निवड यदृच्छेने झालेली नाही. वरळीचा वारा खारा आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या खिडकीतील ऊन प्रखर असते. पाणी नळ येईल तेव्हाच, आणि तेही स्वयंपाक, धुणे व अंघोळ भागल्यावर उरेल तेवढे. अशा ठिकाणी जी रोपे टिकली त्यांपैकी काहींची पाने मांसल व पाणी साठविणारी आहेत. सदाफुली समुद्रकाठच्या रेताड जमिनीतही वाढते. पानफुटीचे एक पान मातीवर पडले तरी त्याच्या कडेने नवी रोपे फुटतात. बियाणे विकत घ्यावे लागत नाही. फांदी किंवा पान शेजाऱ्यास देता येते. राणीच्या बागेत जे संग्रहासाठी आणले गेले, त्यातून डब्यापर्यंत पोचले ते एवढेच, म्हणजे जे मागून मिळते आणि मोडून रुजते.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. काच महाराष्ट्रात दुर्मिळ होती म्हणून काचपेटी आली नाही, असे नव्हे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. ओगले काच कारखाना १९१६ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे प्रभाकर कंदील घरोघर पोचले. काचेच्या बरण्या, चिमण्या, बाटल्या मजुरांच्या घरांत होत्या. परंतु काचपेटी ज्या दोन उणिवा भरून काढते, म्हणजे हवेतील ओलावा आणि हवेची शुद्धता, त्यांपैकी पहिली मुंबईत मोसमातील बराच काळ नव्हतीच. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून मुद्दाम राखलेल्या दमट, कोंदट हवेत दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्या कामगारास आणखी एका कोंदट पेटीची काय गरज होती? त्याच्या खोलीत उणीव होती ती उजेडाची, पाण्याची आणि हातभर जागेची. काच या तिन्हींपैकी काहीच देऊ शकत नव्हती.

७. बाटलीतील वेल

काच खोलीत आली ती निराळ्या मार्गाने. सोसायटी बेटांतील मूरेआ येथील एक वेल १८८० मध्ये शास्त्रीय नामाभिधान पावली आणि विसाव्या शतकात शोभेची वनस्पती म्हणून जगभर पसरली. मराठीत तिला मनीप्लँट असेच म्हणतात. वर्षावनात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढण्याची तिची प्रकृती असल्याने खोलीतील मंद उजेड तिला पुरतो. तिला सहसा फूल येत नाही. जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती तिच्यात बिघडलेली आहे, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे जगभरच्या घरांतील ही वेल बियांनी पसरलेली नसून कांड्यांनी, एका हातातून दुसऱ्या हातात अशी पसरली आहे. पाण्याने भरलेल्या बाटलीत कांडे ठेवले की मुळे फुटतात. माती लागत नाही आणि जमीन व्यापली जात नाही. टीव्हीवर, कपाटावर, खिडकीच्या गजास तारेने बांधून अशी बाटली चाळीचाळींत दिसू लागली. वॉर्ड यांची काचपेटी नव्हे, तर ही उघड्या तोंडाची बाटली मुंबईच्या खोलीतील काचेची बाग ठरली.

परंतु उघडे तोंड हाच तिचा दोष आहे. डेंग्यू पसरविणारा ईडिस डास घरातील साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. मनीप्लँटची बाटली, शोभेच्या बांबूचे भांडे, कुंडीखालची ताटली ही त्याची आवडती स्थाने असल्याचे महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्यास वारंवार आढळले आहे. पावसाळ्यात खात्याचे कर्मचारी घरोघर जाऊन ही पात्रे तपासतात व रिकामी करावयास लावतात. बेंटली यांच्या अहवालाने परसातील विहिरीस झाकण घातले. शतकानंतर तीच दृष्टी खिडकीतील बाटलीपर्यंत आली. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलणे, भांडे आतून घासणे आणि ताटलीत वाळू भरणे एवढ्याने धोका टळतो. या बाबतीत बंद काचपेटी निःसंशय श्रेष्ठ आहे. तीत साचलेले पाणी नसते आणि डासास वाट नसते.

अलीकडील काळात वरळीतच काचपेटी खऱ्या अर्थाने आली, पण ती निराळ्या घरांत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. वातानुकूलित खोलीतील हवा कोरडी असते. तीत नेचे, शेवाळ, फिटोनिया, पेपेरोमिया अशा वर्षावनातील लहान वनस्पतींची पाने करपतात. त्यामुळे खडे, कोळसा आणि माती यांचे थर रचलेली बंद काचपेटी तेथे शोभेबरोबरच गरजेचीही वस्तू झाली. मुंबईची नैसर्गिक दमट हवा यंत्राने घराबाहेर घालवावयाची आणि तिचा एक लहानसा तुकडा काचेत परत आणावयाचा, अशी ही उलटापालट आहे. काचपेटीस मुंबईत दीडशे वर्षे जे कारण नव्हते, ते अशा रीतीने निर्माण झाले.

८. उपसंहार

या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. घरातील वनस्पतीचा इतिहास हा केवळ आवडीचा किंवा सौंदर्यदृष्टीचा इतिहास नव्हे. तो घरात प्रत्येक माणसाच्या वाट्यास आलेल्या उजेडाचा, पाण्याचा आणि जागेचा इतिहास आहे. अंगणातील वृंदावनापासून गॅलरीतील कुंडीपर्यंत, तेथून खिडकीबाहेरच्या डब्यापर्यंत आणि शेवटी बाटलीपर्यंत जे संकोचन झाले, ते मुंबईच्या जमिनीच्या किमतीचे प्रतिबिंब होय. प्रत्येक टप्प्यावर लोकांनी उरलेल्या जागेस पुरेल अशी वनस्पती निवडली, आणि ज्या टप्प्यावर जागा उरलीच नाही तेथे ती भिंतीबाहेर निर्माण केली.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. वरळीच्या १२१ चाळींचा पुनर्विकास हाती घेण्यात आला असून १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर, स्वतंत्र शौचालय आणि उद्वाहक ही शतकानंतर झालेली सुधारणा आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि चाळीस मजल्यांच्या इमारतीत खिडकीबाहेर पिंजरा काढणे धोक्याचे आहे. विसाव्या मजल्यावरून पडणारी कुंडी हा कवितेचा विषय नसून अपघाताचा आहे. म्हणजे ज्या जागेत वरळीची बाग शंभर वर्षांत वाढली ती जागा नव्या घरात राहणार नाही. तिच्या बदल्यात आतल्या बाजूने उजेड पोचेल असा रुंद कठडा, पाण्याचा निचरा होईल अशी सज्जाची कड, मजल्यावर सामाईक उघडी जागा, यांचा विचार घराच्या नकाशातच व्हावयास हवा. कारण नकाशात न धरलेली गोष्ट भिंतीबाहेर निर्माण करण्याचा जुना उपाय आता उपलब्ध नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांपुढेही एक काम आहे, आणि त्यास मुदत आहे. चाळी पाडल्या जाण्यापूर्वी कोणत्या दिशेच्या खिडकीत कोणती वनस्पती, कशात, किती वर्षांपासून आहे आणि ती कोणाकडून आली, याची पाहणी झाल्यास मुंबईच्या कामगारवस्तीच्या इतिहासास एक नवे साधन मिळेल. गिरण्यांच्या हजेरीपटांत आणि भाडेपावत्यांत जी माणसे केवळ क्रमांकांनी आढळतात, ती परस्परांस कोणत्या गोष्टी देत-घेत होती हे त्यातून कळेल. मनीप्लँटला बी येत नाही. तिचे प्रत्येक कांडे कोणीतरी कोणाला तरी दिलेले असते. चाळीतील ही देवाणघेवाण नव्या इमारतीच्या बंद दारांमागे कितपत टिकेल, हे पुढील काही वर्षांत दिसून येईल.